यवतच्या माळावरचं दहावं हरीण

यंदाच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी केंदूरला, आमच्या लेकीच्या सासरी, ओसरीवर माझ्या हातात एक नारळ आणि रोख एकशे एक रुपये ठेवण्यात आले. हजर माणसं अशी: माझे यजमान, लेक मधुरा, जावई सागर, विहीणबाई आणि ज्यांनी पैसे ठेवले ते विहीणबाईंचे थोरले भाऊ आप्पा. पैसे कशाचे, तर हरणं मोजण्याचे.

मी चिपळूणची. नारळ आमच्याकडे दारात पडतात आणि मोजायचं म्हटलं तर मी काहीही मोजते. पण हरणं मोजायला कुणाला नारळ देऊन बोलावतात, हे मला ठाऊक नव्हतं.

केंदूर

आप्पांचं गाव भीमेच्या पलीकडे, यवतच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. गावाचं नाव इथे लिहीत नाही. "हरणांचा पत्ता छापू नका, बंदूकवाले बी वाचत्यात," असं आप्पांनी मला बजावलं आहे.

गावाचा एक मोठा माळ आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी गावाने ठरवलं, की उघडाबोडका माळ बरा दिसत नाही, तो हिरवा करायचा. एका कारखान्याने रोपं दिली आणि अर्ध्या माळावर झाडं लागली. उरलेला अर्धा आप्पांनी ग्रामसभेत भांडून मागून घेतला. त्यांचं म्हणणं असं, की इथे झाड लावायचं नाही, गुरं-मेंढरं सोडायची नाहीत, फक्त गवत राखायचं. हरणं आपोआप परततील. त्या वेळी माळावर पाच चिंकारा उरली होती. गाव म्हणालं, तीन पावसाळे घ्या. पाचाची दहा झाली तर उरलेला माळ कायमचा गवताचा. नऊ झाली तरी झाडं लावायची.

मुदत संपली होती. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ, एवढीच मोजणी. खड्डे काढणारं मशीन सोमवारी येणार होतं.

"पण पंच मीच कशाला?" मी विचारलं. "मी तर तुमची सोयरी."

"त्येच मी तात्यांना म्हणलो," आप्पा म्हणाले. तात्या म्हणजे झाडांच्या बाजूचे पुढारी. त्यांची फुलशेती आहे. "तर तात्या म्हणतो, लेकीच्या लग्नात आचाऱ्यानं ताटं कमी धरली हुती, तवा ह्या बाईनं सोताच्या बाजूची चाळीस ताटं वाढवून सांगितली. कोकणातलं मानूस सोयऱ्याला बी एक आंबा जास्त देत न्हाई. तीच पायजे."

याला स्तुती म्हणायचं की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही. लग्नात चाळीस ताटं जास्त झाली होती, म्हणून मी ती सांगितली.

नारळ मी घेतला. पैशांचं मात्र स्पष्ट सांगितलं, की एका बाजूचे पैसे खाऊन पंच होता येत नाही. हे मी वेगळे ठेवते. कुणाला द्यायचे ते मोजणीनंतर ठरेल. आप्पांनी मान डोलावली. नोट आणि नाणं मी रुमालात बांधलं.

केंदूरला आम्ही शुक्रवारीच पोचलो होतो. त्या दिवशी जेवायला मासवडी आहे म्हटल्यावर आमच्या यजमानांचे डोळे चमकले. ताटात आलं ते बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं भरून केलेलं, झणझणीत रश्श्यातलं पक्कं शाकाहारी प्रकरण. त्यांनी पहिला घास शंकेने घेतला आणि नंतर तीनदा मागून घेतलं. जेवून सवयीप्रमाणे शतपावलीला निघाले, तर विहीणबाई दाराशी आडव्या.

"भाऊ, अंगनात फिरा. उसाकडं न्हाई."

"का हो?"

"बिबट्या हाय. ऊस आला तसा त्यो आला. कालव्याचं पानी यायच्या आदी इथं नुसती बाजरी आन् मोकळं रान. तवा लांडगं हुतं, मेंढरांच्या मागं फिरायचं. मेंढरं ग्येली, लांडगं ग्येलं. आता उसातच बिबटीन वितीया, उसातच पिल्लं मोठी व्हत्यात. त्यांना डोंगर म्हाईतच न्हाई."

गोठ्याला चारी बाजूंनी लोखंडी जाळी होती आणि दिवेलागणीनंतर कुणी एकटं बाहेर पडत नव्हतं. यजमानांनी शतपावली अंगणात ट्रॅक्टरभोवती पुरी केली. मला त्या जाळीकडे बघताना एक गोष्ट कळली. जनावर कमी झालं की आपण म्हणतो, शिकाऱ्याने मारलं. वाढलं की म्हणतो, जंगलातून आलं. खरं म्हणजे आपण जमिनीवरचं एक पीक बदलतो आणि तिथल्या सगळ्या प्राण्यांची बेरीज-वजाबाकी नव्याने मांडली जाते. इथे लांडगा वजा झाला होता आणि बिबट्या जमा झाला होता. आप्पांच्या माळाकडे काय निघतं, ते आता मला बघायचं होतं.

भीमेपलीकडे

शनिवारी सागरने गाडी काढली, आप्पा त्याच्या शेजारी बसले. मधुराला सुट्टी नव्हती, ती मागे राहिली. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या मध्ये किती वेळ गेला, ते लिहून वाचकाला त्या गर्दीत बसवत नाही. तळेगाव ढमढेरे सोडल्यावर मात्र रस्ता मोकळा झाला. भीमा ओलांडली आणि राहू गावाच्या अलीकडेच गुऱ्हाळांचा वास गाडीत शिरला.

एका गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीतून नुकता काढलेला गूळ पळसाच्या पानावर मिळाला, सोबत मूठभर शेंगदाणे. आमच्याकडे गूळ खोबऱ्याबरोबर खातात आणि तो थंड असतो. यजमानांनी तसाच सरळ तोंडात टाकला. पुढे यवत येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. प्रवासातला हा भाग सर्वांत शांत गेला.

यवतला हायवेच्या कडेला धाब्यांमागे आप्पांनी गाडी थांबवून एक झाकण लावलेला खड्डा दाखवला. इथे पूर्वी उष्टं आणि कोंबड्यांची आतडी उघड्यावर पडायची. त्यावर भटकी कुत्री पोसली गेली, टोळ्या झाल्या आणि त्या माळावर जाऊन हरणांची पाडसं फाडू लागल्या.

"हरनाला वाघ न्हाई मारत हितं," आप्पा म्हणाले. "आपलं उष्टं मारतं. तीन वर्सं या धाबेवाल्यांच्या पाया पडलोय. आता झाकान लावत्यात. काही लावत्यात, काही शिव्या देत्यात."

आप्पांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. चार महिने घरी, आठ महिने रानोमाळ. आता घर पक्कं, विहीर आहे आणि शेतात कांदा आहे. मेंढरं गेली तरी गवताकडे बघायची नजर घरात राहिली आहे. गवत कसं राखलं, ते त्यांनी सांगितलं. मृगाच्या आधी गावाने माळाच्या सीमेवरच्या दगडांवर भंडारा टाकून बिरोबाची आण घातली: वर्षभर एकही जनावर आत सोडायचं नाही. दिवाळीनंतर घरटी एक जण विळा घेऊन जाणार, ठरलेले भारे कापणार आणि एक पट्टा तसाच उभा ठेवणार. कुंपण नाही, राखणदार नाही. आण मोडली कुणी? "कुनाची छाती हाय?" एवढंच उत्तर मिळालं.

माळ प्रथम पाहिला तेव्हा, खरं सांगते, मला तो उजाड वाटला. आमच्या डोळ्यांना हिरव्याची सवय. जे हिरवं नाही ते मेलेलं, असं आम्ही धरून चालतो. इथे गुडघाभर वाळलेलं गवत, सोन्यासारखं पिवळं, वाऱ्याबरोबर एका बाजूला लवणारं. पण आत चार पावलं टाकली आणि पायाखालून लाव्यांचा थवा भर्रकन उडाला. ससा पळाला. चंडोल वर जाऊन गात राहिला. नाकतोडे तर इतके, की माझ्या साडीला चिकटून आले. मग पलीकडच्या झाडांच्या अर्ध्या भागात गेलो. निम्मी रोपं वाळली होती, निम्मी दाट वाढली होती; खाली गवत नव्हतं, नुसती माती आणि कुत्र्यांनी उकरलेले खड्डे. तिथे आम्ही उभे होतो तोवर एकही पक्षी बोलला नाही.

"हरनाला आडोसा नगं," आप्पा म्हणाले. "त्याचं घर म्हंजी त्याची नजर. लांबचं दिसलं तर त्ये जगतं."

पाणवठा

मोजणीची जागा म्हणजे माळाच्या मध्यावरचं सिमेंटचं पाण्याचं टाकं. चार वाजता आम्ही तिथे पोचलो आणि मी जागीच उभी राहिले. टाक्याला पांढराशुभ्र चुना लावला होता. भोवती बांबू रोवून झेंडूची तोरणं बांधली होती, अगदी खालपर्यंत लोंबणारी. पुढे रांगोळी काढली होती, तिच्यात लाल अक्षरांत 'सुस्वागतम्'. शेजारी स्पीकरवर भक्तिगीत लागलेलं. आणि फेटा बांधलेले एक उंच गृहस्थ हात जोडून पुढे आले.

"या बाई, या पाव्हणं! मी तात्या. ज्याच्या इरोधात तुम्ही मोजणार त्यो मीच. झेंडू आपल्याच मळ्यातला, रातीच तोडलाय. म्हणलं पंच लांबनं येतोय, आपल्या गावाची शोभा जायला नगं."

मनापासून केलेलं होतं ते. माणूस विरुद्ध बाजूचा, पण पाहुणचारात कुठे उणं ठेवलं नव्हतं. मी गहिवरून आभार मानले आणि आम्ही थोड्या अंतरावर करवंदीच्या जाळीमागे बसलो.

बसलो, बसलो. एक टिटवी चुन्याकडे बघून ओरडत राहिली. सूर्य डोंगराला टेकला. स्पीकरवरचं गीत संपून तेच पुन्हा लागलं. हरीण नाही.

"शून्य," तात्या म्हणाले. आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, थोडा कमी पडला. "ल्ह्या बाई, शून्य."

मी शून्य लिहिलं. आप्पांचा चेहरा मला बघवेना.

जेवताना मी त्यांना विचारलं, तुम्ही तर जन्म रानात काढलेली माणसं. रंग, फुलं, गाणं, यांना हरीण भिणार हे तुम्हाला कळलं नाही?

"कळलं की," ते भाकरी मोडत म्हणाले. "टाक्यापाशी आलो तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पाव्हणीच्या मानाचं तोरान हुतं, विहीणबाई. पाव्हणीसाटी बांधलेलं तोरान गावातल्या मानसानं सोडायचं, म्हंजी त्या घराची अब्रू काढायची. माळ ग्येला तरी चालंल, पर त्ये आमच्यात व्हत न्हाई."

म्हणजे ज्यांना अडचण दिसत होती, त्यांना बोलता येत नव्हतं. आणि जिला बोलता येत होतं त्या मला अडचण दिसली नव्हती. मी ताट बाजूला सारलं आणि सागरला घेऊन तशीच तात्यांच्या घरी गेले.

"तात्या, मान पोचला," मी म्हटलं. "आता पाहुणी म्हणून एक मागते. उद्या स्पीकर नको. टाक्याजवळ माणूस नको. आपण समोरच्या टेकाडावर बसून मोजायचं. तोरण राहू दे."

तात्यांनी कपाळावर हात मारला.

"आयला! मग आप्पा का बोलला न्हाई?"

"तुमची अब्रू जाईल म्हणून."

ते चपला शोधायला उठले. मग म्हणाले, "स्पीकर मी सोता काढून आनतो. पर बाई, नऊ म्हंजी नऊ. तितं सोयरीक न्हाई."

"नऊ म्हणजे नऊ," मी म्हटलं.

माळ

रविवारी फटफटताना टेकाडाकडे जाताना टाक्यावरून गेलो. तोरणं नव्हती. म्हणजे दोरे होते, फुलं नव्हती. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंतचा झेंडू कुणीतरी नीट, एकेक करून खुडून खाल्ला होता. 'सुस्वागतम्'मधला अर्धा भाग पुसला गेला होता आणि रांगोळीत जोडखुरांचे लहान, टोकदार ठसे उमटले होते.

"बकरी आसंल कुनाची तरी," तात्या म्हणाले.

"आण असताना?" आप्पांनी विचारलं. तात्या टेकाड चढू लागले.

मोजणीची अखेर ठरलेली होती. गावात दूध न्यायला गाडी येते आणि भोंगा वाजवते; भोंगा वाजला की मोजणी बंद. टेकाडावर आम्ही चौघं: मधे मी, एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला तात्या, मागे सागर. यजमान खाली गाडीत, कारण गुळाने भाजलेल्या जिभेमुळे ते सारखे तोंडाने वारा घेत होते आणि तो आवाज आप्पांना पसंत नव्हता.

ऊन गवतावर उतरलं आणि गवतातून शिंगं वर आली. वळ्या पडलेली, सरळ. नर होता. बदामी रंग, पोट पांढरं, शेपूट सारखी हलणारी. त्याच्या मागे तीन माद्या. मी बोटं दुमडली. चार. ओढ्याच्या बाजूने तीन आल्या, उड्या न मारता, सावकाश, घरच्यासारख्या. सात. आप्पांचा श्वास मला ऐकू येत होता. मग बराच वेळ काही नाही. मग उभ्या ठेवलेल्या गवताच्या पट्ट्यातून एक तरुण नर निघाला, आणि त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर एक एकटी मादी. आठ, नऊ.

"नऊ," तात्या हळूच म्हणाले.

"नऊ," मी म्हटलं. मला दहा हवी होती, हे मी कबूल करते. पण मी पुन्हा मोजली तरी नऊच होती. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. खाली रस्त्यावर दुधाच्या गाडीची धूळ दिसू लागली. गाडी वळणावर आली.

तेवढ्यात तात्या उठून उभे राहिले.

"ओ बाई! त्या एकटीकडं बघा. चरंना झालीया. सारखी एकाच जागंला बघतीया." त्यांनी बोट रोखलं. "गवत हाललं! आवं, त्ये बघा, त्ये बघा, उठलं! पाडसू! आप्पा, पाडसू हाय!"

गवतातून दोन कान वर आले. मग काटक्यांसारख्या पायांवर डगमगत एक एवढंसं पिल्लू उभं राहिलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं.

"ल्ह्या!" तात्या ओरडले. "धा! ल्ह्या धा!"

मी दहा लिहिलं आणि खाली भोंगा वाजला.

मग तात्यांना आपण काय केलं ते कळलं. ते मटकन खाली बसले. आप्पा त्यांच्याकडे बघत होते, ते आप्पांकडे. आणि आधी तात्याच हसायला लागले, मोठ्याने, मांडीवर थाप मारत. "माझ्याच डोळ्यांनी माझी वाट लावली की रं!"

सागरने विचारलं, दुधावरचं पाडस मोजणीत धरतात का? मी म्हटलं, रेशनकार्डात तान्हं मूल धरतात, मग इथे का नाही. तात्या म्हणाले, "धरायचंच. मी बघितलंय." आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

उतरताना आणखी दोन हरणं गाडीसमोरून रस्ता ओलांडून माळात शिरली. सागर म्हणाला, बारा करा. मी नाही केली. भोंगा वाजून गेला होता. दहा म्हणजे दहा.

बिरोबाच्या देवळापुढे गाव जमलं. मी आकडा सांगितला आणि कुणी सांगितला तेही सांगितलं. हलगी वाजली. माझ्या हातचा नारळ फुटला, भंडारा उधळला गेला, आणि आमच्या यजमानांचा पांढरा सदरा जो पिवळा झाला तो आजतागायत पिवळा आहे. त्याच गलक्यात तात्यांनी कारखान्याच्या साहेबांना फोन लावला: "हॅलो साहेब, मशीन क्यान्सल. न्हाई न्हाई, रोपं पाठवा की! शाळंभवती लावतो, रस्त्याच्या कडंनं लावतो. माळावर न्हाई. माळ बुक झालाय."

निघताना मी रुमाल सोडला. एकशे एक रुपये तात्यांच्या हातात ठेवले.

"ह्ये कशाचं?"

"झेंडूचे. रात्री दहा गिऱ्हाइकं येऊन खाऊन गेली. डोईला दहा रुपये दहा पैसे. बरोबर बसतं."

तात्यांनी मनात हिशेब केला. "चुकलं, बाई. नवाचंच बिल लावा. पाडसू आईचं दूध पितं, त्ये कुठं झेंडू खातं?"

"मोजणीत धरलं," मी म्हटलं, "मग बिलातही धरायचं."

त्यांनी पैसे घेतले, कपाळाला लावले आणि फेट्यात खोवले.